तिच्या तोंडचा च

१

चिंचवड या शब्दात दोन च आहेत आणि ते दोन्ही वेगळे आहेत, हे चिंचवडात जन्मलेल्या माणसालाही सांगावं लागतं. पहिला चहातला, दुसरा चमच्यातला. लिहायला अक्षर एकच. माणसाचं पोर हा फरक आईच्या कडेवर बसून शिकतं; यंत्राला मात्र तो कुणीतरी मुंडी खाली घालून शिकवावा लागतो. ते काम ज्ञानेश करायचा. फुकट.

'वाचा' नावाचं एक सॉफ्टवेअर होतं. ज्यांना दिसत नाही त्यांना फोनवरचा मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं. त्याचा सगळा कोड नेटवर उघडा. कुणीही बघावा, कुणीही उतरवून घ्यावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. चिंचवडचे मधुसूदन सर या प्रकल्पाचे कर्तेधर्ते. दुरुस्ती त्यांना पटली की ती मूळ कोडात जायची आणि पाठवणाऱ्याचं नाव त्या ओळींना चिकटायचं. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, साधा चहाही नाही. फक्त नाव.

ज्ञानेशला नावच हवं होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी त्याने केलेल्या प्रोजेक्टवर गाइड मास्तरने स्वतःच्या पुतण्याचं नाव घातलं आणि वर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "अरे, तुला पुढे पुष्कळ संधी आहेत." ज्ञानेशने त्या संधीची वाट बघितली नाही. मास्तरच्या केबिनची काच फोडली आणि कॉलेज सोडलं. तेव्हापासून सकाळी चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगला फर्स्ट शिफ्ट, आणि दुपारनंतर चिखलीच्या खोलीत लॅपटॉप.

खोली वर्कशॉपांच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. खाली पत्रा दाबणारा पॉवर प्रेस. तो आपटला की वरच्या फळीवरच्या वाट्या किणकिणायच्या. कॉटवर वडील बसलेले, हिंदुराव; तो त्यांना अण्णा म्हणायचा. हिंदुरावांनी सगळी उमर चाकणच्या प्रेस शॉपमध्ये घालवली, आणि शुगरने डोळे धरले तेव्हा डॉक्टरचं ऐकायचं सोडून पाटणकडच्या कुठल्याशा वैदूचा रस डोळ्यांत घालून घेतला. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. चूक कबूल करायचं या पिढीला कुणी शिकवलेलंच नाही. डोळे कंपनीच्या ट्यूबलाइटनं गेले, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

"ज्ञान्या, दिसभर काय टुकटुक करतूस रं?"

"तुम्ही फोनवर ऐकताय ना अण्णा, ते करतो."

"ह्ये? ह्ये तर फोनमदी आयतंच येतंय."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करायचे. या माणसाने एकदा, आयुष्यात एकदाच, कुणासमोर तरी 'ह्ये माज्या पोरानं केलंय' म्हणावं, म्हणून आपण हे सगळं करतो आहोत, हे ज्ञानेशने स्वतःशीही कधी कबूल केलं नव्हतं.

२

मग प्रकल्पात मिहिर आला.

मारुंजीला राहणारा, हिंजवडीत नोकरी, फोटोत पाठीमागे बर्फाचे डोंगर. त्याची दुरुस्ती आली की सरांचं उत्तर हजर. "मिहिरजी, उत्तम! लगेच घेतो." ज्ञानेशच्या दुरुस्तीखाली मात्र, "चि. ज्ञानेश, टिपेत एक अनुस्वार राहिला आहे. सुधारून पुन्हा पाठवावे." अनुस्वार! कोड चालतोय, चाचण्या पास होतायत, आणि म्हातारा टिंबं शोधतोय.

ज्ञानेश मिहिरचं पान रोज उघडायचा. खपली काढायची खोड असते, तसं. आज काय पाठवलं, कुणी वाहवा केली, कोणत्या ओळीवरचं आपलं नाव जाऊन त्याचं आलं. कोडात असं होतंच. ज्याने शेवटचा हात लावला त्याची ओळ. पण ज्ञानेशला ते आपल्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटायचं.

पॅकिंगला त्याच्या शेजारी कुलदीप असायचा. त्याला एकदा हे सगळं सांगितलं, तर तो हसून खोक्यावरच बसला.

"भावा, पगार न्हाय, ओव्हरटाइम न्हाय, आणि तरी जळतोयस? आपल्यात लोक सुपरवायझरवर जळत्यात. निदान त्याला केबिन तरी असती."

"तुला नाही कळायचं."

"नको कळू दे राव. ते खोकं उचल आधी."

आवाज ऐकून तपासायचं काम ज्ञानेश गुरुवारवर ठेवायचा. गुरुवारी एमआयडीसीची आठवडी सुट्टी. खालचा प्रेस बंद, समोरचे लेथ बंद. सगळी गल्ली कानात बोळे घातल्यासारखी गप्प. अशाच एका गुरुवारी दुपारी त्याने मिहिरची नवी दुरुस्ती उघडली. नियम एका ओळीचा होता. शब्दाच्या सुरुवातीला 'चि' आला तर तो चमच्यातला च म्हणावा.

ज्ञानेश मोठ्याने हसला. सापडला! च ला इकार लागला की तो चहातलाच होतो. देशावर, कोकणात, मराठवाड्यात, कुठंही जा. चिमणीला 'त्सिमणी' म्हणणारा मराठी माणूस पैदा झालेला नाही. त्याने खाली शेरा लिहिला, "मिहिरजी, हा नियम कुठल्या गावचा? बिसलेरीचं पाणी प्यायल्याने उच्चार बदलतात का?" आणि पाठवायच्या आधी, नुसती गंमत म्हणून, नियम लावून ऐकला.

"त्सिखली," फोन म्हणाला. "त्सिंत्सवड. त्सिमटा. त्सिमूटभर मीठ."

त्याचं हसू तोंडातच राहिलं.

तो नियम गावचा नव्हता. एका तोंडाचा होता.

३

आईचे वरचे समोरचे दोन दात हापशाच्या दांड्याने गेले होते. लग्नाच्याही आधी. त्या फटीत तिची जीभ जायची आणि 'चि' म्हणताना हवा निसटायची. तिला, मंजुळाबाईंना, सगळी गल्ली त्यावरून ओळखायची. रिक्षावाल्याला त्या "त्सिखली" म्हणाल्या की तो दोनदा विचारायचा.

त्या गेल्या, आणि वर्षश्राद्धाच्या आत अण्णांनी त्यांचा फोन दुकानात देऊन दुसरा आणला. आतलं सगळं, तिच्या आवाजातले निरोपही, दुकानदाराने पुसून टाकलं. "तिचं काय हुतं त्यात?" अण्णा म्हणाले होते. "रेंज बी धरत न्हवता." एवढंच. बायकोचा आवाज रेंजसाठी देऊन टाकला, आणि रात्री पोटभर जेवला हा माणूस.

तेव्हापासून तो आवाज एकाच ठिकाणी उरला होता, ज्ञानेशच्या कानात. तिचा च त्याला पाठ होता. मनात आणलं असतं तर त्याने केव्हाच तो नियम लिहिला असता. त्याने मुद्दाम लिहिला नाही. कोड सगळ्यांचा असतो. हा च सगळ्यांचा करायचा नव्हता.

आणि आता तो दुसऱ्याच्या नावावर होता.

त्याने स्वतःला समजावलं. दात पडलेल्या बाया काय एकच असतात? ऐकला असेल कुठंतरी बाजारात. आयटीवाल्यांना गरिबाच्या बोलण्याचं कौतुक असतंच, फोटो काढल्यासारखे शब्द वेचतात. समजावणी चांगली होती. पुढच्या गुरुवारपर्यंत टिकली.

पुढच्या गुरुवारी नवा नियम आला. माणसाचं नाव घेण्याआधी किंचित थांबावे. आई थांबायची. हाक मारायच्या आधी पदराला हात पुसल्यासारखी. त्यानंतरच्या खेपेला आलं, वाक्य संपताना श्वास नाकाने सोडावा, बारीक शिट्टीसह. मग खोकला. नियम नियमाला लागून एकेक बसत होता. टाळू, जीभ, फट, ओठ. कुणीतरी एक तोंड बनवत होतं.

सगळ्यात वाईट होतं ते चाचणीचं वाक्य. नियम बरोबर आहे का ते बघायला प्रत्येक जण एखादं वाक्य लिहितो. 'हा नमुना मजकूर आहे', असलं काहीतरी मेलेलं. मिहिरने लिहिलं होतं, 'ताट झाकून ठेवलंय. वर पातेलं पालथं हाय, मांजर येतंय.' आईचं रोज रात्रीचं वाक्य.

ज्ञानेशने सरांना फोन लावला.

"सर, मिहिरचे ते नियम घेऊ नका. ती बोली नाहीये. एका बाईचं बोलणं आहे ते."

"अरे, प्रत्येक बोली शेवटी एका बाईचीच असते! मातृभाषा म्हणतात ना?" सर स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. "लोकभाषेचा हा सन्मान बघून मला तर भरून आलं."

"ती बाई मेलीय, सर. माझी आई आहे ती."

पलीकडे चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"ज्ञानेश," सर सावकाश म्हणाले, "ईर्ष्या मी समजू शकतो. तरुणपणी असतेच. पण त्यात घरच्या माणसांना ओढू नये. पातळी राखावी."

पातळी! ज्ञानेशने फोन गादीवर फेकला. या लोकांना माणूस मेलेला कळत नाही, पातळी सुटलेली बरोबर कळते.

४

शेवटी त्याने मिहिरलाच लिहिलं. उत्तर लगेच आलं.

"अरे, जी वगैरे काय! हे सगळं आमच्या मावशींचं. स्वयंपाकाला येतात त्या. तशाच बोलतात. मी नुसतं ऐकून लिहितो. ये की घरी, गुरुवारी मी घरूनच काम करतो."

मावशी! ज्ञानेशच्या छातीवरचं ओझं उतरलं. एक जिवंत, दात पडलेली, पोळ्या करणारी बाई. इतकं साधं. मग लगेच वाटलं, ती बाई आपल्याला का नाही भेटली? त्याच्याच घरी का गेली?

मारुंजीतली ती इमारत नवीकोरी होती. जिन्याला अजून रंगाचा वास. मिहिरने दार उघडलं. फोटोपेक्षा जाड झालेला, गालांवर तुकतुकी. जेवून उठलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तो समाधानाचा मंदपणा.

"ये, ये. सापडलं ना घर? तुझं काम बघतो मी. दोन्ही ज चं तू केलंस ना, भारी होतं ते."

त्याने स्तुती केली याचाही ज्ञानेशला राग आला. खुर्चीवर टेकला. टेबलावर स्टीलचं ताट, त्यात अर्धी भाकरी आणि ठेचा.

"मी आधी भाकरी शिवायचोपण नाही," मिहिर हसला. "आता पोळी घशाखाली उतरत नाही. तू घेणार?"

तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन आलंय, मिहीर?"

नावाच्या आधी ती थांबली होती. पदराला हात पुसल्यासारखी.

"मित्र आहे," मिहिर आतल्या दिशेने म्हणाला. मान न वळवता. रोज उत्तर देणारा माणूस देतो तसं.

"जेवनार हाय का त्यो? न्हाईतर तू जेव आदी, बाळा. निवतंय."

माणूस अशा वेळी घाबरतो म्हणतात. ज्ञानेश घाबरला नाही. त्याला जे झालं त्याला एकच शब्द आहे, जळणं. पायाच्या नखापासून जळणं. कारण त्याला ती 'ज्ञान्या' म्हणायची, 'मेल्या' म्हणायची, चिडली की 'बापावर गेलायस' म्हणायची. बाळा? जन्मात कधी बाळा म्हटलं नव्हतं.

तो उठला आणि थेट स्वयंपाकघराच्या दारात गेला.

आत कुणी नव्हतं. गॅस बारीक चालू, तवा रिकामा. मसाल्याच्या डब्याला टेकून उभा केलेला मिहिरचा फोन. आणि काळ्या ओट्यावर, परातीच्या बाजूला, पिठाच्या हाताचा ओला ठसा. लहान हाताचा. कडेकडेने वाळत आत आत येणारा.

"मावशी कुठायत?"

"त्या होय? हल्ली येत नाहीत रे." मिहिर मागे येऊन उभा होता. "बऱ्याच दिवसांत नाही आल्या. मी 'वाचा' चालू ठेवतो. घरात बरं वाटतं."

"पण ते आत्ता बोललं. तू काहीच लिहिलं नव्हतंस."

"लिहिलेलंच वाचतं ते. आणखी काय वाचणार?" मिहिर हसला, पण हसता हसता तो ज्ञानेश आणि ओट्याच्या मधोमध येऊन उभा राहिला, ठसा झाकला जाईल असा. "तू बाहेर बस ना. पाणी मी आणतो. इथे नको येऊस."

ज्ञानेशला त्याची नजर ओळखीची वाटली. मिहिरचं पान उघडताना स्वतःच्या तोंडावर ती असणार, याबद्दल त्याची खात्री होती.

पाणी न पिता तो निघाला.

५

चिखलीपर्यंत गाडी चालवताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. कोड उघडा आहे. कुणीही उतरवून घ्यावा.

गल्ली बंद होती. गुरुवारचं ऊन शटरांवर आडवं पडलेलं. अण्णा कॉटवर, फोन मांडीवर, बाजूला चहाचा रिकामा कप. ज्ञानेशने चपलाही काढल्या नाहीत. लॅपटॉप उघडला, मिहिरचे सगळे नियम उतरवले, जीभ, फट, श्वास, खोकला, आणि आपल्या प्रतीत बसवले. प्रत्येक नियमावर मिहिरचं नाव होतं. एकेक नाव बदलून त्याने आपलं घातलं. ते करताना त्याला गाइड मास्तर आठवला. त्याने मास्तरला मनातून हाकलून दिलं. मास्तरने परक्याचं चोरलं होतं. मी माझंच परत घेतोय.

मग अण्णांचा फोन घेतला.

"काय करतूस? बातम्या लागल्या हुत्या की."

"थांबा. नवीन घालतोय."

फोन त्यांच्या हातात परत दिला. पाटणच्या भावकीच्या ग्रुपवर कुणाच्या तरी साखरपुड्याचा निरोप आला होता. अण्णांनी बोट लावलं.

"सर्वांस कळविण्यात आनंद होतो की," फोन म्हणाला, नाकाने श्वास सोडला, "आमची," आणि थांबला, पदराला हात पुसल्यासारखा, "सुखदा हिचा साखरपुडा त्सिंत्सवड येथे..."

अण्णांचा अंगठा हवेत राहिला.

निरोप संपला. त्यांनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा ऐकला. मग पुन्हा. ज्ञानेश त्यांच्या तोंडाकडे बघत होता. त्या तोंडावर आजवर त्याने तीनच भाव पाहिले होते. राग, झोप आणि जेवण. हा चौथा होता, आणि तो कसा वाचायचा हे त्याला येत नव्हतं.

"ह्ये कुनी केलं?" अण्णांनी विचारलं.

आता खरं सांगायला फार वेळ लागला नसता. एक नाव तर होतं.

"मी," ज्ञानेश म्हणाला. "मी केलं, अण्णा."

अण्णांचा हात चाचपडत आला. आधी त्याच्या खांद्याला लागला, मग गालाला, आणि मग डोक्यावर स्थिर झाला. प्रेसवर कामाला असलेल्या माणसाचा हात, दोन बोटांची टोकं नसलेला.

"जन्मात एक काम धडाचं केलंस," अण्णा म्हणाले. "माज्या पोरानं केलं."

झालं. एवढंच हवं होतं. ज्ञानेशने डोळे मिटून घेतले आणि तो हात डोक्यावर राहू दिला. चोरीचा माल इतका ऊबदार असतो हे त्याला माहीत नव्हतं.

६

"मिहीरनं केलंया," फोन म्हणाला.

अण्णांनी बोट लावलं नव्हतं. निरोप केव्हाच संपला होता.

"कोन मिहीर?" अण्णांनी विचारलं. फोनला. माणसाला विचारावं तसं.

"आपला ल्योक न्हवं का."

"अण्णा, बिघाड आहे तो," ज्ञानेश घाईने म्हणाला. "थांबा, मी दाखवतो. माझं नाव आहे त्यात. सगळीकडे माझंच नाव आहे." आंधळ्याला दाखवायला निघालोय, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. मग ऐकवायचं! त्याने फोन ओढून घेतला आणि स्क्रीनवर एकच शब्द लिहिला. ज्ञानेश. अक्षरं बरोबर होती. त्याने दोनदा तपासली. बोट लावलं.

"मिहीर," फोन म्हणाला.

त्याने पुसून पुन्हा लिहिलं. ज्ञानेश. ज्ञानेश हिंदुराव. हा ज्ञानेश आहे.

"मिहीर," फोन समजुतीच्या सुरात म्हणाला. "मिहीर हिंदुराव. ह्यो मिहीर हाय."

डोक्यावरचा हात निघाला.

"मग ह्यो कोन?" अण्णांनी विचारलं. आता त्यांचं तोंड फोनकडे नव्हतं. ते खोलीतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यावरच्या पडद्याकडे होतं.

ज्ञानेशने फोन बंद केला. पूर्ण बंद. स्क्रीन काळी पडली, त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसलं. उत्तर तरीही आलं, पडद्याच्या आतून, भांडं हलवताना माणूस अर्धवट लक्ष देऊन बोलतो तसं.

"आसंल कुनी. च्या पाज त्येला, आन् लाव वाटंला."

गल्लीत कसलाच आवाज नव्हता. वाऱ्याने पडदा थोडा वर उचलला गेला आणि त्याखाली ज्ञानेशला दोन टाचा दिसल्या. भेगाळलेल्या, हळदीचा पिवळा डाग असलेल्या. ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या बाईच्या.

"आई," तो म्हणाला.

टाचा वळल्या नाहीत.

"आई, मी ज्ञान्या."

ऐकू गेलं असणार. भांड्याचा आवाज थांबला होता. मग तो परत सुरू झाला.

तो पुढे गेला नाही. पडदा बाजूला सारायला दोन पावलं पुरली असती. पण पडदा सारला आणि तिने वळून, सेल्समनकडे बघावं तसं आपल्याकडे बघितलं तर? ते तो सोसू शकला नसता. ती तिथे नसती तर एक वेळ सोसलं असतं.

"जा बाबा आता," अण्णा म्हणाले. सरळ, परक्या माणसाशी बोलायच्या मऊ आवाजात. या आवाजात ते त्याच्याशी कधीही बोलले नव्हते. "आमचं पोरगं यायची येळ झाली. दमून येतंय त्ये."

"अण्णा, मी आहे. हात लावून बघा. आत्ताच तर लावलात."

"लावला की. मानूस चांगला दिसतूस." अण्णांनी मान हलवली. "पन घरी तुजी बी वाट बगत असतीलच की रं कुनीतरी."

एक मिनिट बाहेरची हवा घ्यावी, डोकं ताळ्यावर आणावं, मग आत येऊन सगळ्यांना सुनावावं, या विचाराने तो गॅलरीत आला. एवढीच चूक. मागे दार लोटलं गेलं. आतून कडी सरकली, शांतपणे, संध्याकाळी डास येतात म्हणून सरकवावी तशी. आत अण्णा हसले. मग ती काहीतरी म्हणाली आणि ते पुन्हा हसले. पाटणकडचं काहीतरी, लग्नाआधीचं, तेव्हा त्याचा जन्मच झालेला नव्हता.

त्याने दारावर थाप मारली. हसणं थांबलं नाही.

खाली शटरांच्या रांगेत एक गाडी येऊन थांबली. स्टँड लावल्याचा आवाज. मग जिन्यावर बूट वाजायला लागले. संध्याकाळ झाली होती, जिन्यात दिवा नव्हता. येणारा मात्र कठड्याला न धरता, कुठलंसं गाणं गुणगुणत, हातातल्या किल्ल्या हलवत चढत होता. मधली एक पायरी फुटकी होती. नवखा माणूस तिथे ठेचकाळतोच.

हा ठेचकाळला नाही.